शिंगावरचे पेडवे

आमच्या घरात बंदूक कधीच नव्हती. पण आचऱ्याच्या आसपासच्या वाड्यांमध्ये ज्यांच्या घरी ठासणीची बंदूक होती, त्यांतल्या बहुतेकांच्या कमरेचे शिंग आमच्या पडवीत तयार झालेले असे. भाताला रानडुकरे आणि माडांना वानर, म्हणून शेतीच्या राखणीसाठी परवान्याची बंदूक बाळगणारी घरे आमच्याकडे तेव्हाही होती, आजही आहेत. ह्या बंदुकीत नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, मग काथ्याचा बोळा, मग छरे, आणि वरून गजाने ठासायचे. आमच्या हवेत मीठसुद्धा पाणी सोडते, तिथे दारू कोरडी राहणार कशी? म्हणून ती म्हशीच्या नाहीतर रेड्याच्या शिंगात ठेवत. रुंद तोंड फणसाच्या लाकडाच्या चकतीने बंद, निमुळत्या टोकाला भोक, भोकाला लाकडी बूच, आणि कमरेला अडकवायला चामड्याचा पट्टा. माझे वडील, म्हणजे आबा, ही शिंगे करत. आयुष्यात त्यांनी एकही बार काढला नाही. बंदुकीच्या आवाजाने ते दचकत, आणि हे गावात सगळ्यांना माहीत होते.

शिंग आमच्याकडे यायचे ते आतल्या हाडासकट. ते परसात वाळूत पुरून ठेवायचे आणि महिन्याभराने उकरायचे. उकरले की जो वास सुटायचा त्यावरून आई आणि आबा यांचे ठरलेले भांडण व्हायचे. आई चुलीपाशी बसून ओरडायची, "ह्या घाणीत मी जेवाण करू कसा?" आणि आबा बाहेरून म्हणायचे, "एका हातान नाक धर, दुसऱ्यान रांद." मग शिंगाला खोबरेल लावून ते निखाऱ्यांवर धरायचे, मऊ झाले की हव्या त्या बाकात दाबून बांधून ठेवायचे, आणि गार झाल्यावर फुटक्या बाटलीच्या काचेने खरवडायचे. खर्र, खर्र, खर्र. ह्या आवाजाने माझी सकाळ व्हायची. डोंगराच्या बाजूने वानरांवर काढलेला एखादा बार ऐकू यायचा, आबांची काच क्षणभर थांबायची आणि पुन्हा खर्र, खर्र. अकराच्या सुमाराला उकड्या तांदळाची पेज आणि खारातली कैरी. मी तेव्हा मॅट्रिक झालो होतो आणि पुढे काय करायचे ते कोणालाच ठाऊक नव्हते, मला तर नाहीच. त्या रिकाम्या वर्षात माझ्याकडे घासणीचे काम होते. खरवताच्या झाडाची पाने जिभेसारखी खरखरीत असतात. त्यांनी शिंग घासायचे, मग राख, मग पुन्हा तेल, की शिंग असे काळे चमकायचे की त्यात आपले तोंड दिसावे.

माझी थोरली बहीण कुमुद. घरात तिला सगळे बाय म्हणत, मीही. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. शाळा खाडीपलीकडे होती, म्हणून चौथीनंतर तिचे शिक्षण थांबले. मी मात्र तरीतून, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीतून, रोज पलीकडे जात असे. तेव्हा ह्यात कोणाला काही वावगे वाटले नाही. मलाही नाही. तिच्या लग्नाच्या गोष्टी अधूनमधून निघत आणि मिटत. ती उंच होती, सडपातळ होती, आणि तिची जीभ सुरीसारखी होती. ती आजही तशीच आहे.

नक्षीची सुरुवात मी शाळेत असतानाच झाली, ती एका भांडणातून. मतदान जवळ आले की परवान्याच्या सगळ्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. आजही तोच नियम आहे. त्या काळी लोक बंदुकीबरोबर गज, पट्टा, रिकामे शिंग, सगळेच नेऊन ठेवत. मतमोजणी झाली की सगळे परत. बंदुकीवर नंबर असायचा, पण शिंगावर काहीच नसे, आणि आबांची शिंगे एकमेकांसारखी. एका खेपेला आमच्या शेजारच्या धोंडूकाकांचे शिंग नेमके त्यांच्या हद्दीच्या वादातल्या माणसाकडे गेले आणि त्याचे ह्यांच्याकडे आले. धोंडूकाका तणतणत पडवीत आले.

"आबा, त्येच्या शिंगातली दारू माझ्या बंदुकीत पडली तर बंदूक माझ्यारच फुटतली!"

"धोंडू, शिंग रिकामा होता मां?"

"रिकामा होता, पण त्येचा होता!"

आबांनी मग खुणा करायला सुरुवात केली. कोणाला एक रेघ, कोणाला दोन. पण रेघ काय, कोणीही वाढवतो. पुढच्या वेळी दोन रेघांची शिंगे तीन निघाली. तेव्हा बाय घरातून पडवीत आली आणि म्हणाली, "आबा, रेघो कित्याक मारतास? जेच्या घराकडे जा आसा, ता काढूया." आबा हसले. तिने मोठी सुई बांबूच्या मुठीत बसवली आणि धोंडूकाकांच्या नव्या शिंगावर त्यांच्या मळ्यातला खाडीवर ओणवलेला माड काढला, ज्याच्यावर पोरे बसून गळ टाकत. ओरखड्यांत चुना आणि काजूच्या झाडाचा डिंक भरला आणि काळ्या शिंगावर तो माड पांढरा उमटला. धोंडूकाकांनी ते शिंग हातात घेऊन उजेडाकडे फिरवून पाहिले. मग म्हणाले, "ह्यो माझो माड." आणि नमस्कार-चमत्कार न करता चालू लागले, ते ज्याला त्याला दाखवत सुटले.

त्यानंतर आमच्याकडे नुसते शिंग कोणी मागेना. एका घराला कुर्ली, म्हणजे खेकडा, एकाला भोपळ्याचा वेल, एकाला विहिरीवरची लाट, म्हणजे पाणी उपसायचा लांब वासा. बाय आधी माझ्या जुन्या शाळेच्या वह्यांच्या कोऱ्या पानांवर काढून बघायची, मग शिंगावर. शिंगावर चित्र काढणे वाटते तितके सोपे नाही. ते कुठून बघितले जाणार हे आधी ठरवावे लागते. आमच्याकडे शिंग उजव्या कमरेला लावतात, टोक पुढे. म्हणजे त्याची एक बाजू जगाकडे आणि एक अंगाकडे. अंगाकडची बाजू धोतराला घासून पुसट होते, म्हणून नक्षी नेहमी बाहेरच्या अंगाला. शिंग मांडीवर आडवे असताना हे पटकन कळत नाही. ते आधी मनाने कोणाच्या तरी कमरेला लावून बघावे लागते. बाय सुई टेकवण्याआधी शिंग स्वतःच्या कमरेला धरून दोन पावले चालायची. आई म्हणायची, "बघा, चालली शिकारीक!"

तिचे सगळ्यात गाजलेले काम म्हणजे पेडव्यांचे शिंग. किनाऱ्याकडच्या एका घराची थोडी शेती होती आणि रापणही होती, म्हणजे किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचे ते मोठे जाळे. त्यांनी शिंग सांगितले. पेडवे हे बोटभर लांबीचे चांदीसारखे मासे, रापणीत हजारांनी येतात. बायने शिंगाच्या रुंद बाजूला मोठे पेडवे काढले आणि टोकाकडे जाता जाता ते लहान लहान होत गेले. दारू ओतायला शिंग कलते केले की वाटायचे, सगळा थवा खाली सुळकन निघाला आहे आणि आता बुचाच्या भोकातून बाहेर पडणार. आईने त्यावरून बोट फिरवले आणि म्हणाली, "जित्ते आसत गो!" मी ते शिंग घासले. मला त्या वेळी बहिणीचा अभिमान वाटला, हे मला इथे लिहून ठेवायचे आहे, कारण पुढच्या गोष्टीनंतर ते कोणाला खरे वाटणार नाही.

पुन्हा मतदान आले, पुन्हा बंदुका ठाण्यात गेल्या. त्याच सुमाराला मुंबईहून हस्तकलेच्या कामासाठी फिरणारे एक सरकारी साहेब काही निमित्ताने त्या ठाण्यात गेले होते. कोपऱ्यात बंदुकांच्या राशीशेजारी त्यांना शिंगांची रास दिसली. ही कुठली म्हणून त्यांनी विचारले आणि विचारत विचारत एका दुपारी ते आमच्या पडवीत येऊन बसले. हातात पेडव्यांचे शिंग, मालकाची परवानगी घेऊन आणलेले. गोरेगोमटे, मृदू बोलणारे गृहस्थ. धोंडूकाका सुपारी कातरत एका बाजूला बसले होते. बाय आत कोकम ढवळत होती. मी घासत होतो.

"हे काम कोणाचं?" साहेबांनी विचारले.

आबा घुटमळले. मुलीच्या लग्नाची बोलणी चालू असताना ती बंदुकीची शिंगे कोरते हे परक्या माणसाला सांगावे की नाही, ह्या विचाराने असेल. "घरातच होता सगळा," ते म्हणाले.

"कागदावर काही काढलेलं आहे का?"

बायने ते आतून ऐकले. ओले हात पुसत ती स्वतः माझ्या त्या तीन वह्या घेऊन आली, साहेबांसमोर ठेवल्या आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. तिचा चेहरा मला आजही दिसतो. ती काही बोलणार नव्हती. कोणीतरी सांगेल म्हणून उभी होती. साहेबांनी वही उचलली. वरच्या पुठ्ठ्यावर शाळेतल्या वळणदार अक्षरात माझे नाव होते.

"वसंत कोण?"

"मी," मी म्हणालो.

"मग ही चित्रं तुझी?"

"हो."

पहिले उत्तर खरे होते आणि दुसरे त्याला धरूनच बाहेर पडले. त्या एका अक्षरासाठी मी पुढे पुष्कळ सबबी शोधल्या. वय लहान होते, बायने स्वतःच का नाही सांगितले, आबा का गप्प राहिले. ह्यातली एकही सबब आता मला माझी वाटत नाही. मला त्या पडवीतून बाहेर पडायचे होते आणि दार उघडलेले दिसले. आबांची काच थांबली. त्या वेळी डोंगरावर कुठलाही बार झाला नव्हता.

साहेब खूश झाले. मुंबईत नक्षीकाम शिकवणारी शाळा आहे, राहण्याजेवण्याची सोय होईल, मी शिफारस करतो, असे सगळे ते बोलू लागले. मग सहज म्हणाले, "एक काढून दाखव की माझ्यासमोर."  मी तयार असलेले एक शिंग मांडीवर घेतले आणि सोप्यात सोपा म्हणून बगळा काढला. बायचे बगळे मी इतक्यांदा पाहिले होते की तो बरा जमला. साहेब मान डोलवत होते. तेवढ्यात धोंडूकाका पुढे वाकले.

"अरे वसंता, आतल्या अंगाक काढलंस रे! धोतराक दाखवतलंस काय बगळो?"

"म्हणजे?" साहेबांनी विचारले. धोंडूकाकांनी शिंग आपल्या कमरेला लावून दाखवले. बगळा त्यांच्या धोतरात तोंड खुपसून दिसेनासा झाला. साहेब माझ्याकडे बघू लागले. बघता बघता त्यांच्या कपाळावर एक आठी चढली. आणि तेव्हा दारातून बाय बोलली.

"काका, डावखुऱ्याचा शिंग आसा ता. वरच्या वाडयेतल्यांनी सांगलेला."

धोंडूकाकांनी मान वर करून तिच्याकडे पाहिले. पंचक्रोशीत कोण कोणत्या हाताने बार काढतो हे त्या माणसाला तोंडपाठ होते, आणि वरच्या वाडीत डावखुरा कोणी नव्हता. त्यांनी सुपारीचे एक खांड तोंडात टाकले, सावकाश चावले आणि म्हणाले, "हां, हां. इसारलंय बघ मी."

"वा!" साहेब म्हणाले. "वापरणाऱ्याचाही विचार केलाय!" त्यांनी वही काढून काहीतरी टिपून घेतले. माझे खोटे मी एकट्याने बोललो होतो. ते टिकवले मात्र तिने.

त्या दिवशी तिरफळे घातलेले पेडव्याचे तिखले, म्हणजे तिखट कालवण होते. बायने माझ्या ताटात नुसता रस वाढला. आईने विचारले, "त्येका मासो नाय?" तर म्हणाली, "त्येका गावलो तो पुरे." दुसऱ्या दिवशी विहिरीवर मी तिला गाठले.

"बाय, तू तसा कित्याक सांगलंस?"

"मगे काय करूचा होता? तू खोटो पडलंस तर घर खोटा पडता. आबा मान वर करून चालतले कसे?" ती रहाटावरची दोरी ओढत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "जा तू. पण वह्यो ठेय."

"थय दाखवच्यो लागतल्यो."

 तिने कळशी कमरेवर घेतली. "व्हर तर," म्हणाली आणि गेली.

मी वह्या नेल्या. पहिले खोटे एका दुपारचे होते, पण वह्या मी विचार करून नेल्या, आणि माझ्या मनावर जास्त ओझे त्याचेच आहे. मुंबईच्या शाळेत त्या पेडव्यांचे चित्र भिंतीवर लागले. पुढे मी साड्यांचे काठ आणि पडद्यांचे कापड ह्यांच्या नक्ष्या काढणारा माणूस झालो, बरे नाव मिळाले, आणि धंद्यातले लोक शेवटपर्यंत "वसंताचे मासे" म्हणून तो पेडव्यांचा काठ ओळखत. मी काम शिकलो, हे खरे; नंतरची हजारो चित्रे माझ्या हातची आहेत. पण दार ज्या किल्लीने उघडले ती माझी नव्हती. मी गेल्यावर बायने सुई उचलली नाही. आबांनी दोनतीन वर्षे रेघा मारून भागवले आणि मग शिंगे करणेच सोडले. बाय लग्न होऊन बांद्याला गेली, बाजारपेठेत तिच्या सासरचे दुकान होते. मी तिच्याकडे कितीदा गेलो, जेवलो, भाच्यांना खाऊ दिला. ह्या विषयावर आम्ही दोघेही अवाक्षर बोललो नाही. आमच्या आयुष्यात बाकी सगळे बोलून झाले.

हे एवढे लिहून मी थांबणार होतो. पण ह्या वर्षी जे घडले ते लिहिल्याशिवाय नोंद सरळ होत नाही. आमच्या गावच्या वाचनालयाने जुन्या घरांतून आबांची शिंगे गोळा केली आणि काचेच्या कपाटात मांडली. अकरा शिंगे. ग्रंथपाल प्रज्ञा नावाची हुशार मुलगी आहे, तिने घरोघर जाऊन ती मिळवली. उद्घाटनाला मला बोलावले. कपाटातल्या कार्डावर छापले होते, "नक्षी", आणि पुढे माझे नाव. मी बोलायला उभा राहिलो आणि सांगितले, "ह्यातली एकही रेघ माझी नाही. ही सगळी नक्षी माझ्या बहिणीची, कुमुदची आहे. मी तिचं श्रेय घेतलं."  टाळ्या सुरू झाल्या. अध्यक्ष उठून म्हणाले, "एवढा मोठा माणूस, पण श्रेय बहिणीला देतो! ह्याला म्हणतात विनय!" दोघेतिघे माझ्या पाया पडले. खरे बोलायला मला सगळा जन्म लागला, आणि बोललो तर तो माझा आणखी एक गुण ठरला. प्रज्ञाला मी बाजूला घेऊन कार्ड बदलायला सांगितले. ती गोड हसली. "काका, तुमच्या भावना पोचल्या आम्हाला. पण कार्ड बदलायचं तर समितीला काहीतरी आधार दाखवावा लागेल हो."

आधार बांद्याला होता. मी तीन वह्या पिशवीत घातल्या आणि दुसऱ्या दिवशी बायकडे गेलो. आता तिची पाठ वाकली आहे, मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशने झाली आहेत, आणि त्यानंतर तिला इतके लख्ख दिसते की घरात कोणाची धडगत नाही. ती ओटीवर कुळीथ निवडत बसली होती.

"इलस? जेवन इलस काय जेवूचा आसा?"

मी तिच्यासमोर बसलो आणि वाचनालयातले सगळे सांगितले. भाषण, टाळ्या, विनय. ती निवडत होती. संपल्यावर म्हणाली, "म्हणजे माझा नाव घेवन तू टाळ्यो खाल्लंस."

"बाय, माझा चुकला. तेव्हाच चुकला."

"ता माका तेव्हाच कळला. तुका कळूक उमर गेली." सुपातला एक खडा तिने अंगणात भिरकावला. "आणि भाषणात काय सांगलंस? बिचारी बहीण, शिकूक गावला नाय, असा?"

"तसा काय नाय सांगलंय."

"सांगू पण नको. माका बिचारी केलंस तर हयसून जेवल्याशिवाय धाडीन."

मी वह्या तिच्यापुढे ठेवल्या. तिने हात पुसले, वरच्या वहीचा पुठ्ठा पाहिला, ती उघडली नाही. तिन्ही उचलून आत गेली. आतून कपाट उघडून बंद केल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते, पण आवाज नेहमीचाच. "बाबूक गाडी काढूक सांगतंय उद्या. शिंगां बघूची आसत माका."

"कार्डावर तुझा नाव घालूक होया, म्हणान..."

"नाव र्‍हवंदे रे. शिंगां बघूची आसत म्हणतंय मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा मुलगा बाबू आम्हाला घेऊन आला. वाचनालयात प्रज्ञा होती, अध्यक्ष मुद्दाम आले होते आणि पेपर वाचणारी चारदोन माणसे होती. सगळ्यांना वाटले असणार, म्हातारी आता गहिवरेल. मलाही तसेच वाटले. बाय कपाटाच्या काचेला नाक लावून उभी राहिली आणि एकेक शिंग बघत पुढे सरकू लागली.  मग माडापाशी थांबली आणि बोटाने त्याच्या झावळ्या मोजू लागली.

"नव झापां. नव झापांचो माड बघलास काय रे कोणी?"

अध्यक्ष हसले. "आजी, किती सुंदर आहे तो!"

"सुंदर खंय? पावसात मोडलेलो दिसता." ती पुढे गेली. कुर्लीचा डावा नांगा तिला आखूड वाटला. भोपळ्याच्या वेलाला म्हणाली, "ह्यो बरो आसा." आणि मग पेडव्यांपाशी आली. हे शिंग मधोमध ठेवलेले, वर वेगळा दिवा. सगळे नकळत जवळ आले.

"ह्यो माका कधीच जमलो नाय," बाय म्हणाली.

तिने पदराने काच पुसली.

"म्हणतत पोहतत. खंय पोहतत? सगळे एका तोंडान रांगेत उभे आसत, शाळेतल्या पोरांसारे. पेडवो असो जाता काय? धाक बसलो की फुटतत चारी वाटांनी." तिने काचेवर बोट टेकवले. "आणि हे बाकाकडचे बघ. पाठ मोडली हा सगळ्यांची. थय शिंग कडक आसता, सुई सरकता. हय माझी सुई दोनदा घसरली. लांब रेघ पडली होती, आबा वराडतले म्हणान वरसून खवले काढून लपयलंय."

प्रज्ञाने फोनचा दिवा लावून काचेशी धरला. ती वाकली, आणखी वाकली. बाकापाशी, एका पेडव्याच्या अंगावर खवले दुप्पट दाट होते, आणि त्यांच्याखालून दोन तिरप्या रेघा शेपटीपर्यंत गेल्या होत्या. ते शिंग मी स्वतःच्या हाताने पानाने घासले होते. ते चित्र मला जन्मभर पाठ होते. त्या रेघा मला कधी दिसल्या नव्हत्या.

प्रज्ञा सरळ झाली आणि माझ्याकडे न बघता अध्यक्षांकडे बघू लागली. आपल्या कामातली लपवलेली चूक ज्याची त्यालाच ठाऊक असते, हे सांगायला कोणाला भाषण करावे लागले नाही. अध्यक्षांनी घसा खाकरला. "कार्ड बदल," ते हळूच म्हणाले.

"आजी," प्रज्ञा म्हणाली, तिचा आवाज जरा बदलला होता, "नाव कसं लिहू? सासरचं की माहेरचं?"

"काढलंय तेव्हा सासर खंय होता? माहेरचा लिव." बायची नजर अजून काचेच्या आतच होती. "ता मगे लिव. आधी ह्या कपाट उघड."

"आजी, त्या वस्तूंना आता आपण हात लावत नाही. जतन करायच्या असतात ना..."

"हात लावक देवचो नसात तर माझा नाव कित्याक लिवतास?" बाय वळली. "बाबू, जा रे, बाजारातसून एक मोठी सुई हाड. ह्या पेडव्यांक जरा फोडून दितंय चारी वाटांनी. पुढचे चार तरी."

प्रज्ञा अध्यक्षांकडे बघू लागली, अध्यक्ष माझ्याकडे. मला म्हणाले, "काका, तुम्ही सांगा, काय करायचं?"

"मला नका विचारू," मी म्हणालो. "तिचं आहे ते."

अध्यक्षांनी खिशातून किल्ली काढली. तोपर्यंत बायने पेपर वाचणाऱ्या एका माणसाला उठवून त्याची खुर्ची खिडकीच्या उजेडात ओढली होती आणि ती पदर खोचून बसलीही होती.